मामाची झेंडी आंधळी नव्हती

आमगावच्या आसपासच्या पाच-दहा गावांत कुणी चुकीचा निकाल दिला की अजूनही म्हणतात, 'आंधळी झेंडी झाली.' पंचायतीत म्हणतात, कबड्डीच्या मैदानात म्हणतात. परवा माझ्या नातसुनेनं दोन पोरांच्या भांडणात थोरल्याची बाजू घेतली, तर धाकट्यानं तिला हेच ऐकवलं. मी शेजारीच खाटेवर बसलो होतो. मी काही बोललो नाही. न बोलण्याची मला साठावर वर्षांची सवय आहे.

ती झेंडी माझ्या मामाची. ती आंधळी नव्हती. ती चुकीच्या बाजूला मी ओढली, आणि माझे डोळे तेव्हा अगदी ठणठणीत होते.

धान कापून, चुरून झालं की आमच्याकडे शंकरपट भरतात. दोन बैलजोड्या हलक्या छकड्यांना जुंपून शेजारी-शेजारी सोडायच्या आणि शेवटच्या चुन्याच्या रेघेवर ज्या जोडीचं नाक आधी येईल ती जिंकली. पळायच्या वाटेला दाण म्हणतात. दाणीच्या टोकाला मचाण आणि मचाणावर मामा. डाव्या हातात पांढरी झेंडी, उजव्या हातात लाल. डावीकडची जोडी आली तर पांढरी वर, उजवीकडची आली तर लाल. वीस वर्षं मामानं झेंडी दिली आणि वीस वर्षांत त्या पटात एकदाही डोकी फुटली नाहीत. ही केवढी गोष्ट आहे ते पट पाहिलेल्यालाच कळेल.

स्वराज्य यायला दोन-तीन वर्षं होती. मी चोवीस वर्षांचा, आमगावच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. बाटल्यांना डोसाच्या खुणांच्या कागदी पट्ट्या चिकटवायचो, केसांना भरपूर तेल लावायचो आणि लग्नासाठी इतका उतावीळ होतो की रुग्णाला दिवसातून तीनदा घ्यायचं औषध चारदा सांगून बसायचो. मुलगी फुलचूरची. पाहायला गेलो तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता विचारलं होतं की दवाखान्यातल्या लाल आणि पिवळ्या औषधात रंगाशिवाय काही फरक असतो का. घरी येईपर्यंत मी हसत होतो आणि त्याच आठवड्यात मामाला सांगितलं की करीन तर हीच.

अडचण बैलांची होती. तिच्या वडिलांनी असा पण केला होता की जोडीनं पट मारल्याशिवाय दारात मांडव घालणार नाही. तीन वर्षं बैल हरले आणि तीन वर्षं मुलगी घरी बसली. पाहुणे यायचे, मुलगी बघायचे आणि मग गोठ्यात जाऊन बैल बघायचे. ते बघून झालं की बहुतेक जण परत जायचे.

आता मामाच्या आजाराचं सांगतो.

तो आजार मुंग्यांनी शोधला. मामीनं पाहिलं की न्हाणीच्या दगडावर मुंग्यांची रांग लागते, आणि ती मामा उठून गेल्यावरच लागते. मी मामाची लघवी दवाखान्यात नेली. निळ्या पाण्यात थेंब टाकून दिव्यावर उकळलं, तर पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी पार विटकरी. डॉक्टरसाहेब म्हणाले, साखर आहे, आणि भरपूर आहे. मला वाटलं मामा घाबरेल. तर तो गावभर सांगत सुटला. हा राजेलोकांचा आजार, असं त्यानं कुठूनसं ऐकलं होतं. जो भेटेल त्याला सांगायचा की तुमच्या अंगात घाम आहे, माझ्या अंगात रस आहे. भात कमी करा म्हटलं तर त्यानं डॉक्टरांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी श्वास कमी करायला सांगितला. आमच्या धानाच्या मुलखात माणूस दुसरं खाणार काय? त्यानं एवढंच केलं की भातावरचा गूळ बंद केला आणि तो चहात वाढवला.

मग चिलटं आली. म्हणजे आली नव्हती. मामा भर थंडीत, कोरड्या उन्हात, तोंडासमोर हात हलवून चिलटं हाकलायचा. आम्हाला गंमत वाटायची. मामीची बहीण आली की ती मुद्दाम म्हणायची, भाऊजी, एक कानाशी बी हाय, आणि मामा खरंच तिकडे हात मारायचा. पोट धरून हसायचो आम्ही, आणि सगळ्यात जास्त मामाच हसायचा. हळूहळू त्याला समोरच्या माणसाच्या चेहऱ्याऐवजी त्याचा आवाज आधी ओळखू यायला लागला. गावानं निदान करून टाकलं की मोतीबिंदू येऊन राहिला. त्यावर उपायही गावाला ठाऊक होता. मोतीबिंदू कच्चा काढत नाहीत, तो पिकू द्यायचा. जो तो येऊन मामाच्या डोळ्यात असा डोकावायचा, जसं अढीतल्या आंब्याकडे बघतात, आणि म्हणायचा, अजून वेळ आहे, पिकू द्या.

मी एक दिवस त्याला बळेच दवाखान्यात आणलं. डॉक्टरसाहेबांनी त्याला उजेडाकडे तोंड करून बसवलं, पापणी वर केली आणि मला जवळ बोलावलं. ते रायपूरकडचे, हिंदी बोलणारे.

"देखो, मोतियाबिंद होता तो पुतली सफेद दिखती. ये तो एकदम काली है. ये शक्कर की आँख है. अंदर का परदा खराब हो रहा है. इसमें पकने-वकने का कुछ नहीं. नागपूर भेजो, इसी हफ्ते."

मामा बाहेर जाऊन चिलटं हाकलत बसला होता. डॉक्टरांनी नागपूरच्या डोळ्याच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि माझ्या हातात दिली. साखरेच्या रोग्याचे डोळे दिसत असतानाच तपासायला पाहिजेत, दिसेनासं झाल्यावर आमच्या हातात फार थोडं उरतं, असंही सांगितलं. मला ते सगळं कळलं. आमच्या सगळ्या मुलखात ही गोष्ट तेव्हा बहुधा दोनच माणसांना माहीत होती, त्यांतला एक मी होतो.

आणि पट चार दिवसांवर होता.

चिठ्ठी मी सदऱ्याच्या खिशात ठेवली. स्वतःला समजावलं की चार दिवसांनी काय बिघडतं. मामा नागपूरला गेला असता तर झेंडी दुसऱ्याच्या हाती गेली असती, आणि झेंडीशिवाय मामा म्हणजे काय ते मला माहीत होतं. हे एक कारण. दुसरं कारण फुलचूरच्या गोठ्यात चारा खात उभं होतं.

पटाच्या सकाळी मामानं मला बाजूला घेतलं. चुन्याची रेघ त्याला दिसत नव्हती, हे त्यानं पहिल्यांदा तेव्हा कबूल केलं. दाणीवर धूळ दिसते, धुळीत काहीतरी पळताना दिसतं, बस. मला म्हणाला, तू खालच्या पायरीवर बस आणि माझा पाय दाब. डावी जोडी आली तर डावा, उजवी आली तर उजवा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा म्हणजे देव. भाच्यानं मामाच्या पायाला हात लावणं हे उलटं, पापाचं. पण मी कंपाउंडर होतो, मला वाटलं, मी या सगळ्याच्या पलीकडे आहे. मचाणाच्या खालच्या पायरीवर बसलो आणि पहिल्या जोड्या सुटायच्या आत एका म्हातारीनं गर्दीतून हाक दिली.

"का गा बाबू, भाचा होऊन मामाच्या पायाले हात लावून राहिला? कायले पाप घेतं?"

मी म्हटलं, साखरेच्या आजारात पाय दाबावे लागतात, औषध आहे. पण पाप तिनं सांगितलं होतं तसंच लागलं. जोड्या आल्या, उजवीकडची आधी आली, मी मामाचा उजवा पाय दाबला, आणि मामा ढिम्म. पुन्हा दाबला. चिमटा काढला. मामा दाणीकडे बघत शांत बसलेला. साखरेनं त्याच्या पावलांतली जाणीवही नेली होती, आणि हे ना त्याला माहीत होतं ना मला. शेवटी मी त्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं उजवं टोक खसकन ओढलं. लाल झेंडी वर गेली. गर्दीनं आरोळी ठोकली आणि मला घाम फुटला.

त्यानंतरचा दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात धमाल दिवस होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुपट्ट्याची दोन टोकं माझ्या हातात, लगामासारखी. डावं ओढलं की पांढरी, उजवं ओढलं की लाल. मामा इतक्या झटक्यात झेंडी द्यायला लागला की लोक म्हणाले, या साली तर नजर आणखी तेज झाली. एकदा मला शिंक आली आणि दोन्ही टोकं एकदम ओढली गेली. मामानं दोन्ही झेंड्या वर केल्या. जोड्या खरोखरच बरोबरीत आल्या होत्या. मैदान वेडं झालं. मामा खाली वाकून पुटपुटला की आपण दोघं मिळून एक चांगला माणूस आहोत. मला हसू आवरेना. खिशातली चिठ्ठी हसता हसता छातीला टोचत होती.

शेवटच्या फेरीत डावीकडे नवेगाव बांधची जोडी होती आणि उजवीकडे फुलचूरची. नवेगावच्या धुरकऱ्याची, म्हणजे हाकणाऱ्याची, एक खोड होती. त्याचा डावा बैल गळ्यात घाटी वाजत असल्याशिवाय पळत नसे. पटात कुणी बैलाच्या गळ्यात काही ठेवत नाही, पण त्याला ती काशाची लहान घाटी ठेवावीच लागायची. जोड्या सुटल्या. घाटी लांबून किणकिणत आली. धूळ आली. मी रेघेवर नजर रोवून होतो आणि मला स्वच्छ दिसलं. नवेगावचा बैल नाकभर पुढे होता.

मी उजवं टोक ओढलं.

मामा क्षणभर थांबला. दिवसभरात तो एकदाही थांबला नव्हता. मग लाल झेंडी वर गेली.

नवेगावचा धुरकरी छकड्यावरून उतरला, मचाणापाशी आला. मला वाटलं, आता माझं डोकं फुटणार. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "मले तं आपली जोडी पुढं वाटली. पण तुमचा डोळा खोटं नाई पाहणार." आणि नमस्कार करून बैल सोडायला गेला. तिकडे माझे होणारे सासरे चुन्याच्या रेघेवर बसून रडत होते आणि बक्षिसाचा पितळी गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, त्यांच्या डोक्यावर उपडा घालून कुणीतरी ढोल वाजवल्यासारखा तो बडवत होतं.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी मामीच्या हातात दिली. नागपूरला जायला पाहिजे, डोळे आतून जाताहेत, मोतीबिंदू नाही, सगळं सांगितलं. मामी तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"काल नाकाएवढा फरक पायला त्यानं, साऱ्या मैदानानं पायलं. अन् तू म्हणतं, आंधळा होऊन राहिला?"

शेजारीपाजारीही हेच म्हणाले. मामाला दिसत नाही हे पटवायचं तर झेंडी कुणी दिली ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं असतं तर मांडव मोडला असता. मामाही त्या लाल झेंडीत अडकला होता. म्हणाला, "राहू दे गा. पिकू दे." मी राहू दिलं. मला खरं माहीत होतं, पण त्याच्या दृष्टीचा खोटा पुरावा मीच भर मैदानात उभा केला होता. आता तो खोडायची मला हिंमत नव्हती.

महिन्याभरात लग्न लागलं. फुलचूरचा मांडव असा सजला होता की बैलांच्या शिंगांना नवरीपेक्षा जास्त हळद लागली होती. मामा रीतीप्रमाणे माझ्या पाया पडायला वाकला. त्याचे हात पाटाच्या कडेवर गेले, पाट चाचपून त्यानं त्यालाच नमस्कार केला आणि हात कपाळाला लावला. वऱ्हाडी हसले. मामीची बहीण म्हणाली, भाऊजी, पाटाले आशीर्वाद मागता का? मीही हसलो. दात दाखवून हसलो. आंदणात तो पितळी गुंड आला.

पुढच्या धानकापणीला एका सकाळी मामाच्या डाव्या डोळ्यापुढे लाल पडदा आला आणि तो पडदा पुन्हा हटलाच नाही. तेव्हा कुणाला काही पटवावं लागलं नाही. मी मामाला घेऊन नागपूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून आतला पडदा बराच वेळ पाहिला. डावा गेला, म्हणाले. उजव्यात थोडं आहे, साखर आवरली तर टिकेल. आधी आणलं असतं तर वाचला असता का, असं मी विचारलं. ते म्हणाले, शपथेवर सांगता येत नाही, पण टिकवायला आजच्यापेक्षा बरंच जास्त हाती असतं.

परतीच्या गाडीत मामा खिडकीशी बसला होता. तुमसर गेल्यावर एकाएकी म्हणाला, "घाटी आधी वाजली होती गा रेघेवर. मले आयकू आलं."

मी विचारलं, "मग लाल काऊन दिली तुमी?"

"घाटीचं आयकलं असतं तं सांगा लागलं असतं का मी कानानं पाहून राहिलो." मग म्हणाला, "अन् तुजा मांडव दिसून राहिला होता. तेवढं दिसत होतं मले."

मग तो हसला, चिलटं हाकलल्यासारखा हात हलवला, आणि आमगाव येईपर्यंत शांत झोपला.

त्या वर्षीच्या पटात मामाला मचाणावर धरून चढवावं लागलं. लोकांना वाटलं, मानाचा नारळ फोडायला आला. त्यानं दोन्ही झेंड्या मांडीवर ठेवल्या आणि बोलायला लागला. आवाज मात्र शाबूत होता.

"मागच्या साली मी लाल दिली, ते चूक. जोडी नवेगावची आली होती. मले साखर हाय. साखरेनं माजे डोळे खाल्ले अन् मी कोणाले सांगतलं नाई. पिकन म्हणून वाट पायली. हे पिकत नाई, बापहो. ज्याच्या लघवीले मुंग्या लागतात, त्यानं दिसते तवाच डोळे दाखवा."

माझं नाव त्यानं घेतलं नाही. मग त्यानं पांढरी झेंडी वर धरली आणि सगळ्यांना हुकूम केला की तळहातानं एक डोळा झाका आणि झेंडीकडे पाहा, मग दुसरा झाका. आपला डावा डोळा किती अधू झालाय, हे त्याला असंच एकदा उजव्यात कचरा गेला तेव्हा कळलं होतं, पण तेही त्यानं लपवलं होतं. तर साऱ्या मैदानानं एक डोळा झाकला. धुरकऱ्यांनी, बायाबापड्यांनी, कमरेवर लेकरं घेतलेल्या आयांनी. माझे सासरे बैलांच्या मध्ये उभे राहून एक डोळा झाकून बघत होते आणि बैल त्यांच्याकडे. कुणी दुसऱ्याचाच डोळा झाकत होतं, कुणी दोन्ही झाकून विचारत होतं की काहीच दिसत नाही, आता काय करू. हसून हसून लोक धुळीत बसले. फक्त जिलबीवाला कढईपाशी उजव्या डोळ्यावर हात ठेवून उभा होता, आणि हसत नव्हता. संध्याकाळी तो दवाखान्यात आला. निळं पाणी विटकरी झालं. त्याला मी त्याच आठवड्यात नागपूरच्या गाडीत बसवलं. तो पुढं म्हातारपणापर्यंत जिलब्यांची वळणं स्वतः घालत राहिला. त्याच्यानंतरही किती जणांना मी बसवलं, ते मोजलं नाही.

सासऱ्यांनी पटाच्याच दिवशी आमच्या घरून गुंड आणवून परत देऊ केला. नवेगावच्या धुरकऱ्यानं घेतला नाही. म्हाताऱ्याचे डोळे गेले, त्यात त्याचा काय दोष, आता झेंडी दिली ती दिली, म्हणाला. मी गर्दीत होतो. मी पुढं व्हायला हवं होतं. 'आंधळी झेंडी' हा शब्द त्याच दिवशी जन्मला आणि मी त्याला जन्मू दिलं. मामाला रोज सुई मी द्यायचो, भात वाटीनं मोजून मी वाढायचो, उजव्या डोळ्यातलं उरलेलं त्यानं शेवटपर्यंत टिकवलं. जवळ गेलं की तोंड ओळखायचा. पण ते काम म्हणजे सांगणं नव्हे.

गेल्या महिन्यात मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती ऐंशीच्या पुढची आहे. ऐकून म्हणाली, "म्हंजे माजं लगन हरल्या बैलांवर झालं." आणि इतकी हसली की सुनेला पाणी आणावं लागलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी न्हाणीतला गुंड चिंचेनं घासून दाराशी ठेवला.

मलाही गेली वीस वर्षं साखर आहे. दर वर्षी, दिसत असताना, गोंदियाला डोळे दाखवतो. डॉक्टर थेंब घालतात आणि दुपारभर सगळं धुळीसारखं दिसतं. काल तसाच घरी आलो आणि दाराशी काहीतरी पिवळं चमकलं. सोमवारी नातवाबरोबर नवेगावला जायचं आहे. त्या धुरकऱ्याचा नातू तिथे तलावाच्या काठी शेती करतो. त्याला गुंड द्यायचा आणि सांगायचं की पांढरी झेंडी होती, आणि माझ्या मामानं ती बरोबर ऐकली होती.